वाघाच्या बाजूची भिंत

“म्हंजी तिआमच्या भिंतीवर संगीताचं पाच तुकडं रचलं, आन् माज्या भिंतीवर एक बी न्हाई?” फळीवरनं उतरता उतरता बिंगतेक काकानं विचारलं. देवळाच्या डागडुजीचं काम चाललं होतं, आन् जुना रंग उजळायला त्यालाच बोलावलं होतं.

“एक बी न्हाई, काका,” यीछेन डॉक्टरीण म्हणाली. ती ताइनानजवळच्या मासळी संशोधन केंद्रातली. आठवडाभर माशांचं रक्त तपासायची आन् सुट्टीला देवळातली चित्रं बघून कंप्युटरवर संगीत रचायची. खाली विजेचा घुमारा, वर पियानोचे मोजके सूर. दर्याच्या देवीच्या, माझू आईच्या वाढदिवशी ते अंगणात वाजणार होतं.

आमच्याकडं देऊळ दोन कारागिरांत मधोमध वाटून देतात. एकाला देवीच्या डाव्या हाताची, ड्रॅगनची बाजू, दुसऱ्याला उजव्या हाताची, वाघाची, मधी पडदा. पडदा काढला की गावानं सांगायचं, सरस कोण. चाळीस वर्षांमागं वाघाची बाजू काकाची होती, ड्रॅगनची तिआमची. गाव म्हणालं, “दोघांचं बी चांगलं.” ते हाड काकाच्या घशात अजून अडकलेलं. तिआम पंगतीला बसला की हा उठायचा.

“माज्यात कमी काय हाय? त्येचं घोडं चार, माजं सात.”

“तेच तर. सूर ठेवायला जागाच न्हाई. तिआम काकांनी दोन हात आभाळ कोरं सोडलंय.”

पडद्याच्या फटीतनं तिआमचं घोडं मोजूनच काकानं तवा तीन वाढवलं होतं, उरल्या जागेत ढग कोंबलं होतं. हे अख्ख्या गावाला ठाऊक. कुणाला ठाऊक न्हाई, असं फक्त काकालाच वाटायचं.

डॉक्टरणीनं त्याच्या कानाला हेडफोन लावला. तो डोळं मिटून ऐकत राहिला.

“ह्ये त्याचं आभाळ,” मधीच म्हणाला.

“कसं वळखलं?”

“चाळीस वर्सं रोज बघतुय न्हवं.” त्यानं हेडफोन काढला. “तिआमनं ऐकलं?”

“ऐकता ऐकता झोपले.”

“त्येला काय कळतंय. बरं, मी तीन घोडं पुसलं तर?”

“मग ती तिआम काकांची भिंत हुईल. तुमची कुटं राहील?”

काकानं वाटीतल्या लाल रंगात पाणी घातलं, फळीवर चढला आन् सातव्या घोड्याचं खोगीर भरायला लागला.