नातवाचा खेळ, बापाची उंची

सुमनताई, गुडघा कसा आहे? कार्डिफचे बापू, खोकला गेला का? ब्रॅकनेलची मंडळी, बरे आहात ना?

माझं मात्र डोकं तापलंय. आज बर्मिंगहॅमला नातवाच्या कॉलेजची फुटबॉल मॅच होती. मोठ्या क्लबचा माणूस खेळाडू निवडायला आलेला. रोहन झकास खेळला. तर हा गृहस्थ त्याच्या बापाला आपादमस्तक न्याहाळून म्हणतो, "खेळ छान, पण मुलगा उंचीला फार वाढणार नाही. प्रोफेशनलमध्ये टिकायचा नाही."

अहो, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे, बापाच्या उंचीत नाही! मी विचारलंच, "साहेब, मॅच बघायला आलात की सोयरीक जमवायला?"

घरी आल्यावर रोहन म्हणाला, "आजोबा, मी फुटबॉल सोडू?"

काय सांगू त्याला? लवकर ग्रुपवर लिहा हो. पोरगं अजून बूटसुद्धा न काढता जिन्यात बसलंय.