कुणाच्याच पोस्टरवर नसलेला दवाखाना

टेडा उल्फर्ट्सनं आमच्या ओस्टरझील गावातली अर्धी माणसं पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती उघडी, निळसर आणि रडवेली होती. त्यामुळे पुढे त्यांच्यातला कुणी बँकेत साहेब झाला, कुणी चर्चमध्ये प्रवचनं द्यायला लागला, तरी टेडावर छाप पाडणं त्यांना कधी जमलं नाही. मी तिच्या हातून पायाळू जन्मलो. बेकरीच्या रांगेत मी दिसलो की ती अजून मोठ्यानं सांगते, "हा ना? हा पहिल्यापासूनच उलटा."

टेडा आमच्या दवाखान्यातली सुईण. समुद्राच्या बांधाला लागून लाल विटांची दुमजली इमारत. खाली मोडलेली हाडं, वर बाळं. साठीला टेकेपर्यंत तिनं त्या वरच्या मजल्यापलीकडे कशाचा विचार केला असेल असं वाटत नाही. नवऱ्याचा केला असेल थोडा; पण तो कंटाळून ब्रेमेनला गेला, आणि "तो गेल्याचं मला गुरुवारी कळलं, मंगळवारी जुळी होती," असं ती सांगायची. हसायची नाही. आमच्याकडे विनोद करणाऱ्यानं हसायचं नसतं.

मग राज्याचा नवा आरोग्य आराखडा आला. ओस्टरझीलमध्ये बाळं फार कमी होतात, तेव्हा वरचा मजला बंद करावा, बायकांनी मोठ्या रुग्णालयात जावं, असं त्यात होतं. मोठं रुग्णालय गाडीनं तासाभरावर. मधे कालवे, कालव्यांवर बोटींसाठी उचलले जाणारे पूल, आणि हिवाळ्यात धुकं असं की गाडीपुढे माणसाला चालत पाठवावं.

कुठला दवाखाना ठेवायचा आणि कुठला नाही, हे बर्लिनमधलं देशाचं सरकार ठरवत नाही, राज्य ठरवतं. म्हणून टेडा विधानसभेला उभी राहिली. बाकी कशासाठी नाही. रस्ते, शाळा, पवनचक्क्या यांवर तिचं मत विचारलं की ती म्हणायची, "असतील चांगल्या."

तिच्या विरोधात हार्म आयलर्ट्स. हा गुरांचा डॉक्टर, तिच्या गल्लीतलाच, तिच्याहून दोन बोटं उंच आणि दहा पट बोलका. दोघांची धावपळ सारखीच असायची, फक्त पेशंट वेगळे.

"तुझ्या बायका तुला शिव्या देतात," हार्म म्हणायचा, "माझ्या गायी निदान लाथ मारून गप्प बसतात."

"तुझ्या गायींना माहीत असतं, तुला सांगून उपयोग नाही."

ओस्टरझीलमध्ये विजेच्या खांबांवर पोहोचेल अशी उंच शिडी एकच, अग्निशमन दलाची. त्यामुळे सगळ्या पक्षांची पोस्टरं एकाच शनिवारी, एकाच शिडीवरून लागतात. बाहेरच्यांना याचं हसू येतं. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. शिडी एक आहे तर एक आहे. त्या शनिवारी हार्म वर चढला होता आणि खाली शिडी धरून टेडा.

"नीट धर हं. तू सोडलीस तर बिनविरोध येशील."

"म्हणूनच दोन्ही हातांनी धरलीय. बिनविरोधात मजा नाही."

वरूनच, दातांत पोस्टर बांधायची प्लास्टिकची पट्टी धरून, हार्मनं तो विषय काढला. दवाखान्याचं काय करायचं? टेडा म्हणाली, माझ्या पोस्टरवर टाकलं तर तुझे लोक त्याच्यावर तुटून पडतील. तू टाकलंस तर माझे. मग ठरलं. दवाखाना कुणाच्याच पोस्टरवर घालायचा नाही. दोघांपैकी कुणीही निवडून येवो, विधानसभेत वरच्या मजल्याच्या बाजूनं हात वर करायचा. शिडी धरायला आलेल्या बाकी पक्षवाल्यांनीही मान डोलावली. कागदबिगद काही केला नाही. गल्लीतल्या माणसाकडून कागद कोण घेतं?

सप्टेंबरात टेडाच्या पक्षाच्या गावशाखेचा प्रमुख ओको तिच्या स्वयंपाकघरात आला. ओकोचं सॉसेजचं दुकान आहे आणि राजकारणाचा त्याला शौक आहे; दोन्हींत आत काय भरलंय ते विचारू नये, असं आम्ही त्याला चिडवतो. त्या दिवशी तो धावत आल्यासारखा लाल झाला होता.

"केस्टन येतायत!"

"कोण केस्टन?"

"कोण म्हणून काय विचारतेस, बाई! आपले पक्षाध्यक्ष. बर्लिनचे. टीव्हीवरचे."

"कशाला?"

"तुला मदत करायला."

"त्यांनी बाळंतपणं केलीयत?"

ओकोनं खुर्ची ओढली. टेडानं चहा ओतला. तिचं म्हणणं सरळ होतं. केस्टन आला की लोक त्याला बघतील. देशात सरकार त्याच्याच पक्षाचं; पेन्शन, डिझेल, घरं गरम करायचा नवा कायदा, सगळा राग त्याच्याबरोबर इथे येईल. तो गाडीत बसून जाईल आणि राग मागे राहील. "ही विधानसभा आहे, ओको. बर्लिनचं भांडण बर्लिनमध्ये भांडावं त्यांनी."

ओकोचंही चूक होतं असं मला म्हणवत नाही. तो म्हणाला, "मागच्या सभेला कोण होतं सांग. तू, मी आणि हॉलची किल्ली आणणारा. तो पण किल्ली परत न्यायची म्हणून थांबला. आणि आराखडा करणारे राज्याच्या राजधानीतले लोक तुझं ऐकणार की माझं? मोठा माणूस बोलला की दचकतात ते."

टेडानं कपातला साखरेचा खडा ढवळून विरघळवला. शेवटी म्हणाली, "येऊ दे. पण दवाखान्याचा विषय काढायचा नाही. आमचं ठरलंय. एवढं सांग त्यांना."

ओकोनं सांगितलं. बर्लिनहून व्यवस्थेसाठी लेन्ट्स नावाची एक तरुण, हसऱ्या चेहऱ्याची बाई आली होती. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि तिला त्यात एवढंच दिसलं की या गावात लोकांना खरोखर ज्याची काळजी आहे असा एक विषय आहे. तिचं कामच ते होतं.

सभा घोडेस्वारीच्या शाळेच्या मोठ्या शेडमध्ये झाली. घोडे बाहेर काढले होते, वास राहिला होता. शेड भरली, ओकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या रांगेत हार्म बसला होता. आमच्याकडे विरोधी उमेदवारही सभेला येतो; नाहीतर संध्याकाळी करायचं काय?

आणि व्यासपीठामागे हा एवढा बॅनर: 'ओस्टरझीलचा दवाखाना आम्हीच वाचवणार'.

केस्टन वाईट माणूस नव्हता. आल्याआल्या त्यानं मासा घातलेला पाव खाल्ला, तोही आवडीनं. बोलायलाही चांगला. पण त्याला एका दिवसात चार गावं उरकायची होती आणि प्रत्येक गावात एक खलनायक लागत होता. "विचारा त्या आयलर्ट्स महाशयांना," तो गरजला, "त्यांच्या पक्षानं हा आराखडा आणला! ते गुरांचे डॉक्टर आहेत म्हणे. तुमच्या लेकीसुनांकडे त्यांचा पक्ष तशाच नजरेनं बघतो!"

पुढच्या रांगेतले, बसनं आणलेले लोक हसले. आमचे हसले नाहीत. त्यांनी टेडाकडे पाहिलं. तिच्यासमोर माईक होता.

आता हे बाहेरच्याला समजावणं अवघड आहे. आमच्याकडे चारचौघांत माणसाला खोडून काढत नाहीत. चुकलं तर नंतर, स्वयंपाकघरात, चहा ओतता ओतता सांगतात. आणि पाहुणा असेल तर तिसऱ्या कपानंतर. टेडानं आयुष्यभर तसंच केलं होतं. मोठमोठ्या डॉक्टरांच्या चुका तिनं अशाच, बाहेर न पडू देता दुरुस्त केल्या होत्या. ती हातांची घडी घालून बसली. सभा संपली की त्याला घरी नेऊन सांगू, असं तिच्या मनात होतं. घरी केकही करून ठेवला होता.

सभा संपली आणि केस्टन गाडीत बसला. दार लावता लावता त्यानं टेडाचा हात दाबला. "तुम्ही जिंकलात, उल्फर्ट्स बाई!" गाडी पुढच्या गावाला गेली.

शेडच्या दारात हार्म टोपी हातात धरून उभा होता.

"तू गप्प बसलीस, टेडा."

"पाहुणा होता रे."

"आणि मी कोण होतो?"

 "घरी ये," ती म्हणाली. "केक आहे."

"गायी आहेत," हार्म म्हणाला आणि गेला.

तो भाग रात्री टीव्हीवर लागला. हार्मच्या पक्षाचं बर्लिनमधलं कार्यालय चवताळलं. आठवडाभरात त्यांचीही एक बडी पुढारीण त्याच शेडमध्ये आली. ती म्हणाली, जिथे बाळंतपणं कमी तिथे ती धोक्याची. भावनेच्या भरात आयाबायांच्या जिवाशी खेळणाऱ्यांना मत देऊ नका. म्हणजे टेडाला. टेडाही तिसऱ्या रांगेत होती. हार्म व्यासपीठावर बुटांकडे बघत बसला होता. त्याचीही पाहुणीच होती ती.

मग सगळ्या खांबांवर दवाखाना चढला. एकाच्या पोस्टरवर वाचवायला, दुसऱ्याच्या पोस्टरवर 'सुरक्षित बाळंतपण, मोठं रुग्णालय'. शिडी या वेळी दोघांनी वेगवेगळ्या दिवशी नेली.

टेडा हरली. फार नाही, पण हरली. दुसऱ्या दिवशी तिच्या समोरची म्हातारी मेटा कुंपणाशी आली. तिची तिन्ही मुलं टेडाच्या हातची.

"तुझ्याविरुद्ध नव्हतं हो माझं मत."

"मग?"

"त्या बर्लिनवाल्याविरुद्ध होतं. माझ्या पेन्शनीचं काय केलंय त्यांनी, बघतेस ना."

"मतपत्रिकेवर नाव माझं होतं, मेटा."

"हो," मेटा म्हणाली. "त्याचं नव्हतंच ना. मग काय करणार?"

राहिला हार्म, निवडून आलेला. टेडाला त्याच्यावर राग होता, पण भरवसाही होता. शिडीवरचं बोलणं ते बोलणं. वसंतात विधानसभेत आराखडा मतदानाला आला. संध्याकाळी हार्म तिच्या दारात आला, आत आला नाही.

"मी पक्षाबरोबर हात वर केला," तो म्हणाला. "बैठकीत सांगितलं त्यांना आपलं ठरलेलं. हसले. म्हणाले, दवाखाना आता त्यांचा मुद्दा आहे. आपण वाचवला तरी नाव केस्टनचं होणार. खोलीत मी एकटाच होतो, टेडा."

"मी पण एकटीच होते. त्या दिवशी, व्यासपीठावर."

 हार्मनं चटईवर बूट पुसले आणि आत न येताच गेला.

वरचा मजला उन्हाळ्यात बंद झाला. पलंग न्यायला ट्रक आला तेव्हा टेडानं स्वतः दार धरून ठेवलं, ओरखडे पडू नयेत म्हणून. ओको म्हणाला, "आता कुणासाठी जपतेस?" ती म्हणाली, "दार चांगलं आहे." मोठ्या रुग्णालयानं तिला नोकरी देऊ केली होती. तिनं घेतली नाही. बाळंतिणींना घरी जाऊन बघण्याचं काम ठेवलं. बाळ आधी आणि टेडा नंतर, हा क्रम तिला आयुष्यात पहिल्यांदाच पाळावा लागत होता.

नोव्हेंबरात बेकरीतली इमके अडली. धुकं होतं. रुग्णवाहिका यायला वेळ लागला म्हणून नवरा तिला स्वतःच्या गाडीत घेऊन निघाला, मग वाटेत एक पूल वर होता. इमकेच्या नवऱ्यानं वाटेतून टेडाला फोन लावला आणि टेडा फोनवरून सांगत राहिली: कुशीवर वळव, कापड दाब, जोरात दाब, तिला बोलतं ठेव. मुलगी झाली. जगली. पण इमकेचं रक्त इतकं गेलं की पोहोचल्यावर गर्भाशय काढावं लागलं. ती सव्वीस वर्षांची आहे. डॉक्टरांनी सांगितलं, हे कुठेही होऊ शकलं असतं. टेडाही तसंच सांगते. तसं सांगताना ती समोरच्याकडे बघत नाही.

पुढच्या वर्षी देशाची निवडणूक लागली आणि एका सकाळी इमकेच्या घरासमोर दोन गाड्या थांबल्या. लेन्ट्स बाई उतरली, मागे कॅमेरेवाले. तिला इमकेचं कळलं होतं आणि खरंच वाईट वाटलं होतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं. टेडा बाळाचं वजन करायला आलेली. तीच दारात गेली. तोवर गल्लीतले लोक जमले होते, मीही होतो.

"उल्फर्ट्स बाई! बरं झालं तुम्ही भेटलात. केस्टन साहेब दुपारी येतायत. इमके फक्त दोन वाक्यं बोलली तरी..."

"नाही."

"आधी ऐकून तर घ्या."

"नाही म्हटलं ना. गाड्या वळवा. बाळ झोपलंय."

 टेडाला कुणी असं, सगळ्यांसमोर, कुणाला तोंडावर तोडताना पाहिलं नव्हतं. लेन्ट्स बाई गोंधळली.

"पण हा प्रश्न देशभर जायला हवा, तुम्हालाच तर तो—"

"गेला होता," टेडा म्हणाली. "एकदा गेला होता देशभर. तो परत आला नाही."

गाड्या वळल्या. दुपारी केस्टन दुसऱ्या एका गावात, दुसऱ्या एका बंद दवाखान्यासमोर बोलला. तिथे कुणीतरी बाई मिळाली होती. ओकोनं ते दुकानातल्या टीव्हीवर पाहिलं आणि सांगायला आला, की भाषण छान झालं, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

टेडानं मान हलवली. तिनं वजनाचा काटा पिशवीत भरला आणि सायकल काढली. दोन घरं अजून बाकी होती. दोन्ही बाळं मोठ्या रुग्णालयात जन्मलेली, आणि सगळं गाव तिला 'तू' म्हणायचं तिथे त्यांच्या आया तिला 'तुम्ही' म्हणत होत्या.