सहीआधी गाय

शेवगावच्या आमच्या पशुखाद्याच्या छोट्या कारखान्यात नव्या पेंडीची गाडी आली, की आबा पहिलं पोतं स्वतः फोडत आणि त्यातली पाटीभर पेंड मागच्या गोठ्यात आपल्या कपिला गायीपुढे ठेवत. दोन दिवस तिने नीट खाल्लं, रवंथ केला, तरच खरेदीच्या कागदावर सही. गाडीवाला कुरकुरला तर म्हणायचे, "माझी सही हिच्या तोंडात हाय."

आबा मालक, चौथी शिकलेले. माझे आईवडील ऊसतोडीला जाणारे. घरातला पहिला पदवीधर मी. बी.कॉम. झालो तेव्हा आबांनी बोलावून काम दिलं, टेबलामागची स्वतःची खुर्ची दिली आणि आपण पोत्यावर जाऊन बसले. मला 'सायेब' म्हणणारे ते पहिले. त्यात थोडी थट्टा असायची, पण चारचौघांत ते मला अहो-जाहो करत, हे मी विसरलेलो नाही.

त्या खुर्चीत बसून मी खरेदीचे नियम लिहिले. तीन व्यापाऱ्यांचे भाव मागवायचे, पेंडीतल्या प्रथिनांचा प्रयोगशाळेचा दाखला पाहायचा, दाखला ठीक असला की सर्वांत स्वस्त माल घ्यायचा आणि त्याच दिवशी वापरात आणायचा. गायीचा नियम मी लिहिला नाही. लोक हसतील, असं आबांना सांगितलं. "खरंय. कपिलेला कुठं दाखला वाचता येतोय?" म्हणाले, आणि खाली सही केली.

दिवाळीनंतर एका नव्या व्यापाऱ्याची सरकी पेंड आली. भाव सर्वांत कमी, दाखल्यावर प्रथिनं भरपूर. नियमाप्रमाणे मी माल लगेच वापरायला दिला. तिसऱ्या दिवशी जवळच्या गावातून फोन आला. तिथल्या शांताबाई नावाच्या गिऱ्हाइकाच्या दोन्ही गायी आमचं खाद्य खाऊन तासाभरात पोट फुगून मेल्या होत्या. प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून पेंडीत युरिया मिसळलेला होता, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

आबा मला घेऊन तिथे गेले. शांताबाई एकट्या, घर दुधावर चाललेलं. नियम मी लिहिले, असं मी सांगायला लागलो, तेवढ्यात आबांनी माझा दंड दाबला. "सही माझी हाय, बाई."

शांताबाई गोठ्याकडेच बघत राहिल्या. "सहीनं गाया उठत्यात व्हय, आबा?"

विकलेली पोती आम्ही गावोगाव फिरून परत आणली. दुसऱ्या सकाळी आबांनी कपिलेचं दावं सोडलं आणि तिला चालवत शांताबाईंच्या दारात नेऊन बांधलं. नंतर ते कारखान्यात आले की रिकाम्या गोठ्यात बसून राहत. सही मात्र कशावरच केली नाही.

उन्हाळ्यात ते आजारी पडले. शेवटच्या भेटीत म्हणाले, "सायेब, त्या कागदावर एक वळ लिवा. ज्याची सही, त्यानं आधी सोताच्या गायीला घालावं. दुसऱ्याच्या न्हाई." चार दिवसांनी ते गेले.

आता सही माझी असते. त्यासाठी मी गाय घेतली. ती त्याच गोठ्यात असते. गेल्या आठवड्यात तिने पाटी हुंगली आणि मान फिरवली. व्यापारी हसत दाखला पुढे करत होता. मी तो वाचला नाही. पोत्याचं तोंड परत शिवलं आणि गाडी माघारी लावली.