आबांचा मोबाईल केशरबाईंच्या पिशवीत

कोपरगाव तालुक्यातल्या होनांच्या वस्तीवर केशरबाई राहतात. या बाईला फसवून दाखवील असा माणूस अजून जन्माला यायचाय. डेअरीवाल्याने दुधाची फॅट सांगितली की या म्हणणार, "पुन्यांदा लाव." लेकीच्या लग्नात जेवणं उरकल्यावर त्यांनी आचाऱ्याच्या पिशव्या उघडायला लावल्या, आणि एका पिशवीत तुपाचा डबा निघालासुद्धा! मग काय विचारता? तेव्हापासून सगळं जग चोर आणि केशरबाई एकट्या पहारेकरी. त्यातून एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे त्यांचा नवरा, कानिफनाथ आबा. आबा बाजारातून आले की त्यांची पिशवी तेवढी त्या न बघता फडताळात ठेवायच्या.

अशा बाईला मुलाने बोटीवर पाठवायचं ठरवलं. सुनील नगरला सावेडीत राहतो, बायको निकिता शाळेत शिकवते. तो म्हणाला, "आई, मुंबईहून मोठी बोट निघती. दीवला थांबती. किल्ला बघा, जुनं गाव बघा, समुद्र बघा. जल्मात कुठं गेलाय तुमी?"

केशरबाईंच्या मनात पाल चुकचुकली. दिवाळीपासून या पोराने एकच धोशा लावला होता: वस्ती सोडा आणि सावेडीत राहायला या. केशरबाईंनी ठणकावून सांगितलं होतं, "या घरातनं मी उभी जानार न्हाई, आडवीच जाईन." आणि आता सावेडीचं नाव न काढता तो एकदम बोटीचं तिकीट दाखवतोय? कुठंतरी पाणी मुरत होतं.

"आपन तिकडं पान्यात, आन् हा हिकडं घराला कुलूप घालून सामान सावेडीला नेऊन ठेवील," त्या आबांना म्हणाल्या. "मग बसा त्या खुराड्यात."

"असं कुठं असतंय व्हय," आबा म्हणाले. "जाऊ की. मला समुद्र बघायचाय."

आता हे आबा कोण, तर शिर्डी शेजारी असून तिथंही मुक्कामाला न राहणारा माणूस. त्यांना अचानक समुद्र कुठला आठवला? केशरबाईंनी बॅग भरली खरी, पण निघताना घराच्या किल्ल्या कमरेला खोचून घेतल्या.

बोटीवर तर संशयाला उधाणच आलं. लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना एकसारखी दारं. पहिल्याच सकाळी आबा चहा घ्यायला म्हणून गेले आणि येईचनात. केशरबाई बघायला निघाल्या, तर आबा भलत्याच दारासमोर उभे राहून फोनवर हळू आवाजात बोलत होते. यांना बघून त्यांनी झटकन फोन बंद केला.

"कुनाशी बोलत हुता?"

"सुनील हुता."

"काय म्हनत हुता?"

"काई न्हाई. ते आपलं उसाचं."

उसाचं! अहो, ऊस कधीच तुटून गेलेला, कारखान्याचं धुराडं थंड झालेलं. आबा खोटं बोलले! इतक्या वर्षांच्या संसारात कधी नाही ते! म्हणजे मुलाला सामील झालेले आबाच होते तर. घर मोडायला निघालेत बापलेक, आणि आपल्याला फिरवायला आणलंय, मेंढरू बाजारात नेतात तसं. त्यांना राग आला आणि रागाच्या खाली रडूही आलं, पण ते दाखवतील तर त्या केशरबाई कसल्या.

दीवला मोठी बोट लांब उभी राहिली आणि लोकांना लाँचने धक्क्यावर नेलं. तटबंदीच्या आत उतरत्या गल्ल्या, पोर्तुगीजांच्या वेळची नक्षीचे लाकडी सज्जे असलेली घरं, टेकाडावर पांढरंशुभ्र चर्च, आणि पलीकडे समुद्रात घुसलेला किल्ला. लोक मान वर करून बघत होते. केशरबाई खाली बघत होत्या, आबांच्या खिशाकडे.

"द्या हिकडं तो मोबाईल. आन् ते बोटीचं कारड बी द्या. गर्दीत चोर असत्यात."

"राहू दे की माझ्यापाशी," आबा खिशावर हात ठेवून म्हणाले.

"का? कुनाचा फोन यायचाय?"

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग दोन्ही वस्तू काढून दिल्या. केशरबाईंनी त्या पिशवीत तळाशी टाकल्या आणि पिशवी काखेत दाबून धरली. आता करा म्हणावं खलबतं!

बाजारात एक बाई शंख विकत बसली होती. केशरबाईंनी एक उचलला, वास घेतला, नखाने खरवडला, कानाला लावला. "खरा हाय का प्लास्टिकचा?" त्या मराठीत विचारत होत्या आणि ती गुजरातीत शपथा खात होती. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. सुनीलचा. बरा सापडला! केशरबाईंनी फोन कानाला लावला आणि मुद्दामच तोंड उघडलं नाही.

"आबा, उतरला का? आईचा हात सोडू नका. रस्ता सुचंना झाला तर जागेवर थांबून मला फोन लावा. बोटीचं नाव आन् खोलीचा नंबर कारडावर हाय. कारड खिशात हाय ना? आबा?"

केशरबाईंच्या हातातला शंख खाली पडला.

"सुनील, मी बोलतीय. काय झालंय तुझ्या बापाला?"

आता सुनीलला सांगावंच लागलं. "इसरायचा आजार हाय, आई. दिवाळीतच डॉक्टर म्हनले, वाढत जानार. डॉक्टर सावेडीतच हाय, म्हनून तुमाला तिकडं बोलवत हुतो. आईला सांगू नको, अशी शपथ घातली आबांनी मला. ध्यानात राहातंय तवर समुद्र बघून घेतो म्हनले."

केशरबाई मागे वळल्या. आबा नव्हते.

सगळ्या जगावर नजर ठेवणाऱ्या या बाईने घरातल्या माणसाचा काय शोध लावला होता? आणि त्याच्या खिशात जे दोन आधार होते, तेही आपल्याच हाताने काढून घेतले होते. त्या या गल्लीतून त्या गल्लीत धावल्या. चपलेचा अंगठा तुटला. दिसेल त्याला विचारत सुटल्या, "टोपीवाले आबा बघितले का हो, धोतरातले?" कोणाला काही कळेना. शेवटी एका ओट्यावर त्या मटकन बसल्या.

बसल्यावर जरा डोकं चाललं. आपल्याकडे मढीच्या जत्रेला निघताना घरातलं मोठं माणूस बजावून सांगतं: चुकामूक झाली तर हुडकत फिरायचं नाही, दीपमाळेखाली जाऊन बसायचं. दोघंही हुडकायला लागले की गाठ पडत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत हे आबांनीच त्यांना सांगितलं होतं. पण या फिरंग्यांच्या गावात दीपमाळ कुठली? केशरबाईंनी मान वर केली. किल्ल्यात, समुद्राच्या अंगाला, दिव्याचा उंच मनोरा उभा होता.

आबा त्याच मनोऱ्याच्या सावलीत मांडी घालून बसले होते.

"किती येळ लावलास," ते म्हणाले. "लई उंच दीपमाळ बांधलीय यांनी."

केशरबाईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं. "मला का न्हाई सांगितलं? समद्या गावाला ठावं, मलाच न्हाई!"

"गावाला न्हाई. सुनीलला." आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तू समद्यांच्या पिशव्या तपासतीस. माझी तेवढी तपासत न्हाईस. म्हटलं, कळलं की माझी बी तपासायला लागशील."

"तुमची अक्कल आधीच गेल्ती, आजार कशाला पायजे हुता!" असं म्हणून केशरबाई पदर तोंडाला लावून ढसाढसा रडल्या. आजूबाजूला फोटो काढणारी माणसं बघत होती. बघू देत.

रडून झाल्यावर त्यांनी नाक पुसलं आणि सुनीलला फोन लावला. "हायेत माझ्यापाशी. ऐक. सावेडीत तळमजल्याची जागा बघ, लिफ्टची बटनं नकोत. आन् समदी दारं सारखी असल्याली बिल्डिंग बघू नको." सुनील काहीतरी बोलत होता. त्यांनी ऐकून न घेता फोन ठेवला. मोबाईल आणि कार्ड आबांच्या खिशात घालून वरून बटण लावलं.

संध्याकाळच्या शेवटच्या लाँचमध्ये दोघं चिकटून बसली. पाण्याचे शिंतोडे अंगावर येत होते. आबा खुशीत होते.

"सुनील झाला तवा बी आपन असंच नावंतनं आल्तो," ते म्हणाले. "गोदामाईला पूर आल्ता. तू त्याला पदराखाली झाकलं हुतं."

सुनील झाला तो भर उन्हाळ्यात. नदीत टिपूस पाणी नव्हतं आणि बाळबाळंतीण शेजाऱ्याच्या जीपमधून धुरळा खात घरी आली होती. भाऊबंदांच्या बैठकीत एका शब्दासाठी दिवसभर भांडलेली ही बाई. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. आबा त्यांच्याकडे बघत होते, खरं ना, असं.

"व्हय," केशरबाई म्हणाल्या. "लई पानी हुतं."

"नावाडी भ्याला हुता."

"व्हय. तुमीच मग वल्हं धरलं."

आबांचा चेहरा खुलला आणि ते पुढचं सांगू लागले.