कोडोलीपर्यंत आवाज

आमच्या रेडिओ केंद्राचा आवाज कोडोलीला पोचत नव्हता आणि माझे वडील, आबा, कोडोलीत राहतात. केंद्रात बाकी कुणाला याचं फारसं दुःख नव्हतं. मला होतं.

केंद्र लहानसं, कोल्हापुरातल्या एका इमारतीत, गच्चीवरच ट्रान्समीटर. सकाळचा शेती-जनावरांचा कार्यक्रम माझा. एफएमच्या लहरी सरळ जातात, डोंगर आला की अडतात. आमच्या आणि कोडोलीच्या मध्ये जोतिबाचा डोंगर. आबा म्हणायचे, "द्येव मधी बसलाय, त्याला कोन उठीवणार?" मोबाईलवर पाठवते म्हटलं, तर म्हणायचे, "त्यात काय, त्यात कुनीबी बोलतंय."

त्यांची अडचण निराळी होती. डेअरीवर दूध घालायला गेले की ते सांगत, माझी पोरगी रेडिओवर हाय. रांगेतले म्हणत, मग ऐकीव की. रेडिओ लावला की नुसती खरखर. आमचं गाव थट्टेत कुणाला हार जाणारं नाही. एकानं विचारलं, "पोरगी रेडिओवर हाय का रेडिओच्या दुकानात?" हे सांगताना आबा हसायचे. मला त्या माणसाचा राग यायचा; अजून येतो.

शेवटी ट्रान्समीटर हलवायचं ठरलं. परवानग्यांत इतका काळ गेला की आम्हीच त्याची चेष्टा करू लागलो. मग एकदाचा शहराबाहेरच्या उंच माळावर टॉवर उभा राहिला. तिथून डोंगराला बगल देऊन पलीकडची गावं दिसत होती. नारळ फोडल्याशिवाय बटण दाबायचं नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर इंजिनियर आणि टॉवरवर चढणारे यांचं एकमत झालं.

मी आबांना फोन केला, उद्या रेडिओ लावा. दुसऱ्या दिवशी मी माईकवर फार जपून बोलले. आमच्या केंद्रावर नाव सांगायची पद्धत नाही, नुसतं 'ताई'. गाभण म्हशीच्या खुराकावर बोलले, शब्द न् शब्द स्वच्छ. कार्यक्रम सुरेख झाला असं सगळे म्हणाले.

मग आबांचा फोन आला.

"रेडिओ घिऊन गेलतो डेअरीवर. सगळी थांबलीती. आवाज कसा खणखणीत. पर तू लागलीच न्हाईस."

"मग कोण लागलं?"

"कोन तरी शेरातली बाई. म्हशीचं सांगत हुती. बरं सांगत हुती." पुढं म्हणाले, "लोकं गेली मग आपापली."

मला रडू आलं. घरी मी आमच्याकडच्या बायकांसारखी 'येतो की, जातो की' म्हणणारी. माईकसमोर बसले की पुस्तकातल्यासारखं बोलते, हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्याचा तोराही होता. पण माझ्या बापाला मी ओळखू येणार नाही, हे कधी मनात आलं नव्हतं.

"कुठली गं ती बाई?" आबांनी विचारलं.

"कोडोलीची हाय की आबा. तुमचीच."



"मग उद्या आपल्यावानी बोल की," ते म्हणाले. "मी परत घिऊन जातो रेडिओ."