उजवा कान उघडा ठेवा

साताऱ्याचा अजिंक्यतारा मागे पडायच्या आतच गाडीत वाद सुरू झाला. वाद नेहमीचाच: गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. आमच्या जुन्या गाण्यांच्या ग्रुपचा साउंड मी सांभाळते, म्हणजे शिव्या खायचं खातं माझ्याकडे. कोरेगाव, इस्लामपूर आणि सांगली असा लागोपाठ तीन कार्यक्रमांचा दौरा होता. निघण्यापूर्वी की-बोर्डवाल्या सुनीलने मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "सांगलीत काकांचा सूर गेला, तर दुसरा गायक बघायचा. आम्हा सगळ्यांचं ठरलंय."

काका म्हणजे आमचे गायक दत्ताकाका. तोफखान्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर त्यांना गाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि ठरल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या सीटवर बसून ते ड्रायव्हरला रस्ता दाखवत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

कोरेगाव तर त्यांचंच गाव. दुपारी काकूंनी घेवड्याची उसळ, ज्वारीची भाकरी आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) वाढला. "ह्ये टीव्ही लय मोठ्यानं लावत्यात बघ," काकू म्हणाल्या. "शेजारची म्हातारी आपली मालिका आमच्याच घरातनं ऐकती." आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत, भाकरी मोडत राहिले.

कार्यक्रम पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात होता. असल्या जागेत नुसता ड्रम वाजवला तरी स्वयंपाकघरातली भांडी थरथरतात. काकांसमोर जमिनीवर मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) ठेवला होता. पहिल्याच गाण्यात त्यांचा हात वर झाला. "पोरी, कायबी येत न्हाई. वाढीव की!" वाढवला. मग गिटारवाल्याला त्याची गिटार ऐकू येईना, त्याने गुपचूप आपला आवाज चढवला. मग बंड्या ड्रमवर तुटून पडला. काका पुन्हा म्हणाले, वाढीव. शेवटी मॉनिटरमधून अशी शिट्टी सुटली की पहिल्या रांगेतल्या बायकांनी कानात बोटं घातली. काका मात्र सुराच्या खाली कुठेतरी एकटेच गात होते. सुनीलने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी इस्लामपूर. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली आणि हवेत मळीचा (साखर काढून उरलेल्या काळ्या पाकाचा) उग्र वास. यजमानांची हौस दांडगी. प्रत्येक कलाकाराला फेटा बांधल्याशिवाय स्टेजवर चढू देणार नाहीत! फेटेवाल्याने सगळ्यांची डोकी कानासकट आवळून टाकली. पहिलं गाणं संपायच्या आत बंड्या ओरडला, "आयला, ह्यात ऐकूच येत न्हाई!" आणि एकेकाने फेटा कानावरून वर सरकवला.

काकांनी सरकवला नाही. त्यांचा फेटा कलला होता. उजवा कान मोकळा होता आणि डावा पार झाकलेला. तरी काका कालच्यापेक्षा वाईट गात नव्हते. मध्येच सत्कार झाला. नारळ-शाल देताना यजमानांनी प्रेमाने त्यांचा फेटा सरळ केला, आणि उजवा कान झाकला गेला. पुढच्याच ओळीला सूर सुटला. काकांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. तोफांजवळ आयुष्य काढलेला माणूस इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. मी उठून स्टेजवर गेले, शाल नीट करायचं निमित्त करून फेटा उजव्या कानावरून वर केला आणि खाली आले.

सकाळी चहाच्या टपरीवर मी त्यांच्या उजवीकडे उभी राहिले. "काका, डावा कान गेलाय ना?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तोफंच्या आवाजानं गेला. लय दिस झालं."

"आवं, मग सांगायचं नाही का?"

"सांगितल्यावर गाऊ दिलं असतं व्हय तुमी?"

मला रडूच आलं. मग रागही आला आणि मी म्हणाले, "दोन्ही कान असणारे काय दिवे लावतायत ते कोरेगावात बघितलं नव्हे? मी सांगू का सगळ्यांना?" काकांनी होकाराची मान हलवली.

आष्ट्यावरून सांगलीला पोचेपर्यंत गाडीत सगळ्यांना सांगून झालं होतं. कृष्णेच्या पुलावर सुनील खिडकीबाहेर बघत होता.

सांगलीचं नाट्यगृह लहान, पण गाण्याला कान देणारं. मी काकांना स्टेजच्या डाव्या टोकाला उभं केलं, म्हणजे सगळी वाद्यं त्यांच्या उजवीकडे आली. मॉनिटर एकच ठेवला, उजवीकडे, तोही हळू. गिटारचा स्पीकर खुर्चीवर चढवून गिटारवाल्याच्याच तोंडाकडे वळवला. बंड्याने कुरकुर न करता ड्रमवर टॉवेल टाकले. एवढ्यात फेटेवाला हजर! मी तोंड उघडायच्या आत सुनील पुढे झाला. "काकांचा उजवा कान उघडा ठेवा," तो म्हणाला, आणि बांधून होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

काका गायले. एकदाही हात वर झाला नाही. शेवटच्या अंतऱ्यात सूर किंचित हलला, तेव्हा सुनीलने तो की-बोर्डवर हलकेच धरून ठेवला आणि काका त्यावर परत आले. दुसऱ्या गायकाचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतीला भडंगाच्या (मसाला लावलेल्या चुरमुऱ्यांच्या) पुड्या फोडल्या. आवाज वाढवायला एक बोट पुरतं. कमी करायला सगळ्यांना मन मोठं करावं लागतं, आणि आमच्या मंडळींनी ते केलं. काका उजवीकडच्या खिडकीशी आणि मी त्यांच्या शेजारी. "काका, काल लय भारी गायलात," मी म्हणाले. ते बाहेरचा ऊस बघत राहिले. वाटेत अतीत गावी चहा घेऊन पुन्हा गाडीत बसताना मी त्यांना आत सरकायला लावलं, खिडकी स्वतः घेतली आणि त्यांच्या उजव्या कानाशी पुन्हा तेच म्हणाले.

"व्हय," काका म्हणाले. "काल मला बी ऐकू आलं."