साडूभाऊंची बर्फातली लढाई

आमच्या साडूभाऊंइतका सज्जन सेनापती जगाच्या पाठीवर झाला नसेल, आणि म्हणूनच त्यांच्याइतका हरलेलाही झाला नसेल. ते लातूरला, मी नांदेडला बँकेत. बायका सख्ख्या बहिणी आणि आम्ही कॉम्प्युटरवरचे हाडवैरी. लातुरात क्लासेसना ऊत आला, गल्लीगल्लीत बारावीची पोरं भाड्यानं राहायला आली, तेव्हा साडूभाऊंनी नोट्स टाइप करून द्यायला कॉम्प्युटर घेतला. त्यात कुणीतरी रणगाड्यांचा खेळ टाकून दिला. आधी एकानं चाल करायची, मग दुसऱ्यानं. जिकडंतिकडं बर्फ, समोर रशियाची फौज, आणि एकेक गाव घेत पुढं जायचं. रशियाची फौज मोठी, म्हणून ती पाहुणा या नात्यानं मला मिळाली.

मीही तोच खेळ माझ्या कॉम्प्युटरवर टाकून घेतला. आमची लढाई एसटीनं चालायची. चाल झाली की फ्लॉपी जेवणाच्या डब्यात घालून गाडीत द्यायची. अहमदपूर, लोहा करत ती नांदेडला यायची. पहिल्यांदा कंडक्टरनं डबा हलवून विचारलं, "काय हाय आत?" साडूभाऊ खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "तीस रणगाडे."

"मग लगेजचं तिकीट फाडावं लागंल."

भर मे महिन्यात साडूभाऊ कानटोपी घालून खेळायला बसत. बर्फ त्यांनी पाहिला तो रसवंतीवर पोत्यात गुंडाळलेला, तेवढाच. "तिकडं पोरं गारठायलीत, आन मी पंखा लावू?" अक्का, म्हणजे त्यांची बायको, मला फोनवर सांगे, "भाऊजी, रणगाड्यांना च्या टाकायचा तेवढा राह्यलाय बगा."

एवढी माया लावूनही ते हरत. वाटेत गाव आलं की त्यांचे रणगाडे वळसा घालून शेतात शिरत आणि तिथं बर्फात रुतून बसत. मी कॅरममध्ये बायकोलासुद्धा कधी हरवलेलं नाही. पण या विजयांनी बँकेत छाती काढून चालू लागलो. "एकदा तरी जिंकायचंय मला," साडूभाऊ दर वेळी म्हणत. एका दिवाळीत मी शहाणपणा शिकवला, "अहो, गावातून सरळ घुसा की! चित्रातली तर घरं."

ते हसले आणि पाणी प्यायला उठून गेले. मग अक्कानं हळूच सांगितलं. भूकंपात त्यांचं गाव पडलं, तेव्हा ढिगारे उपसायला लोखंडी पट्ट्यांवर चालणारं मोठं मशीन आलं होतं. साडूभाऊ दुपारभर त्याच्यापुढं हात पसरून उभे राहिले, "थांबा, आत माय हाय." शेवटी हातानंच दगड उपसले. माय सापडली, जिवंत नव्हती.

माझ्यातला सेनापती तिथंच निवृत्त झाला. पुढच्या डावात मी इतका वाईट खेळलो की साडूभाऊंना जिंकायला एकच गाव उरलं. त्यातून मी माझा शेवटचा शिपाईसुद्धा बाहेर काढला. आता त्यांनी नुसतं आत शिरायचं होतं.

डबा परत आला. त्यांचे रणगाडे वेशीबाहेर ओळीनं उभे होते. सोबत चिठ्ठी: "गाव रिकामं दिसतंय. पण आत कुणी असलं तर? तुमची चाल."

आता फ्लॉपी चालवणारं मशीनही मिळत नाही. ती शेवटची फ्लॉपी अजून माझ्या कपाटात आहे. साडूभाऊ थकलेत, पण फोनवर विचारतात, "केली का चाल?"

"विचार करायलोय, साडूभाऊ."

"करा, सावकाश करा. गावाला झोपू द्या. थंडी लई हाय तिकडं."